नागपुरात गल्लीचा रस्ता मंजूर कसा होतो: पहिल्या अर्जापासून तराईपर्यंत

नव्या लेआउटमध्ये राहायला आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच प्रश्न पडतो: आपल्या गल्लीचा रस्ता कोण करणार आणि कधी? शेजारी सांगतात, “निवेदन दिलं आहे.” निवेदन खरंच दिलेलं असतं, त्याची पोचही जपून ठेवलेली असते. पण त्या कागदाची फाइल कधी तयारच झालेली नसते. महापालिकेत पैसा मिळतो तो फाइलला. फाइलमध्ये अंदाजपत्रक लागतं, त्यावर खर्चाचं शीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खातं, लागतं आणि त्या शीर्षात त्या वर्षी शिल्लक तरतूद लागते. यातलं एकही नसेल तर निवेदन कितीही सह्यांचं असो, ते आवक नोंदवहीतच राहतं.

पुढची माहिती नागपूर महापालिकेच्या हद्दीतल्या गल्ल्या, लेआउट आणि वस्त्यांसाठी आहे. क्रम बदलू नका, कारण बहुतेक वेळ वाया जातो तो पहिली पायरी सोडून थेट पाचवीवर गेल्यामुळे.

१. रस्ता कोणाचा, हे आधी लेखी मिळवा

नागपुरातल्या रस्त्यांचे मालक अनेक आहेत. बहुतेक आतले रस्ते मनपाचे. काही लेआउट अजून नागपूर सुधार प्रन्यासाकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एनआयटीकडे. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्गाकडे. रिंगरोडचं सिमेंटीकरण सार्वजनिक बांधकाम विभागाने केलं, मनपाने नव्हे. त्यामुळे रिंगरोडच्या कडेच्या नालीची तक्रार मनपाच्या झोन कार्यालयात दिली तर ती फक्त पुढे पाठवली जाते.

हद्दही तपासा. हुडकेश्वर आणि नरसाळा मनपात आहेत, बेसा नाही. सलग घरं दिसतात म्हणून एकच संस्था असेल असं धरू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अनधिकृत लेआउटमध्ये. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखले जाणारे लेआउट आहेत. गुंठेवारी कायदा २००१ चा, आणि त्याखाली भूखंड नियमित करताना प्रन्यास विकास शुल्काची डिमांड नोट देतं. ती भरली की नियमितीकरण पत्र, म्हणजे आरएल, मिळतं. हे विकास शुल्क रस्ता, नाली, पाणी, गडर लाइन यांसाठीच घेतलेलं असतं. म्हणून अशा लेआउटमध्ये पहिला अर्ज प्रन्यासाकडे जायला हवा: “आमच्या लेआउटमधून जमा झालेलं विकास शुल्क किती, त्यातून कोणती कामं प्रस्तावित आहेत आणि लेआउट मनपाकडे हस्तांतरित झाला आहे का?” उत्तर ‘हस्तांतरित’ असेल तर हस्तांतरणाच्या पत्राची प्रत मागा. ती नसेल तर झोनचा अभियंता प्रन्यासाकडे बोट दाखवतो, प्रन्यासाचा अभियंता झोनकडे, आणि मधे वर्ष जातं.

खासगी मालकीच्या रस्त्यावर सरकारी निधी टाकता येत नाही. मंजूर नकाशात रस्ता दाखवलेला असणं किंवा रस्ता संस्थेच्या ताब्यात असणं हा रस्ता खासगी नसल्याचा पुरावा. नकाशात ९ मीटर आणि जागेवर ७ मीटर असेल, तर कुणाचं तरी कंपाउंड किंवा ओटा पुढे आलेला आहे. तो वाद काम मंजूर होण्याआधी मिटवा. कार्यादेशानंतर, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश निघाल्यावर, तक्रार आली की कंत्राटदार यंत्रं उचलून दुसऱ्या कामावर जातो.

२. गल्लीची मोजणी स्वतः करा

कनिष्ठ अभियंत्याकडे एका झोनमध्ये शेकडो अर्ज असतात. ज्या अर्जासोबत मोजमाप असतं त्याची स्थळपाहणी लवकर होते, कारण अंदाजपत्रकाचं निम्मं काम तयार असतं. तीस मीटरची टेप, खडू आणि गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी एवढं पुरतं. लिहून काढा:

- रस्त्याची लांबी. आणि दर २० मीटरवर रुंदी, कंपाउंड ते कंपाउंड
- सध्याचा थर: माती, मुरूम, डांबर की जुनं सिमेंट
- गडरचे चेंबर किती, कुठे, झाकणं रस्त्याच्या वर की खाली
- विजेचे खांब, डीपी, झाडं, बोअरवेल
- पाणी कोणत्या बाजूला वाहतं आणि शेवटी कोणत्या नाल्यात किंवा पावसाळी नालीत जातं
- प्रत्येक घराचा जोता रस्त्यापासून किती सेंटीमीटर वर आहे

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तोच कुणी लिहीत नाही. साधा हिशेब बघा. आतल्या सिमेंट रस्त्यात खाली १५ सेंटीमीटर गिट्टी-मुरमाचा थर, त्यावर १० सेंटीमीटर कमी सिमेंटचं काँक्रीट आणि वर २० सेंटीमीटर मुख्य काँक्रीट धरलं, तर एकूण ४५ सेंटीमीटर होतात. म्हणजे जवळजवळ दीड फूट. जुना रस्ता न खोदता त्यावरच हे सगळं चढवलं तर ज्याचा जोता एक फुटावर आहे त्याच्या घरात पहिल्याच पावसात पाणी शिरणार. नागपुरात सिमेंट रस्त्यांवरची सगळ्यात मोठी नाराजी हीच आहे, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तर हा प्रश्न कुणी हलक्यात घेऊ नये. अंदाजपत्रकात खोदकामाची बाब असेल तरच रस्ता जुन्या पातळीला राहतो. नसेल तर कंत्राटदार खोदणार नाही, आणि त्याला तसं सांगण्याचा हक्क तुम्हाला राहत नाही.

लेव्हल नळीने गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घराचा जोता शोधा. त्या जोत्यापासून निदान १५ सेंटीमीटर खाली नव्या रस्त्याची कड राहावी, अशी मागणी आकड्यानिशी अर्जात लिहा.

३. जमिनीखालचं आधी

रस्त्याआधी चार गोष्टी विचारायच्या: पिण्याच्या पाण्याची लाइन टाकायची बाकी आहे का, गडर लाइन बदलायची आहे का, महावितरणची भूमिगत केबल येणार आहे का, गॅसची लाइन येणार आहे का. पाण्याचं झोनच्या जलप्रदाय विभागाला आणि शहराचा पाणीपुरवठा चालवणाऱ्या ओसीडब्ल्यू कंपनीच्या कार्यालयाला विचारा, बाकीचं त्या त्या कार्यालयात. चारही ठिकाणी एकाच मजकुराचं पत्र द्या: “या रस्त्याचं काम प्रस्तावित आहे, आपलं काम बाकी असल्यास आधी करावं.” त्यांची पोच फाइलला जोडा. पुढे कुणी नवा रस्ता फोडायला आलं तर हीच पोच कामाला येते.

ज्या घरांची नळ किंवा गडर जोडणी अजून झालेली नाही, त्यांनी ती आत्ताच करून घ्यावी. रिकामे प्लॉट असतील तर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायला सांगा. ११० मिलीमीटरचा एक पीव्हीसी पाइप दोन प्लॉटमागे पुरतो. खर्च अगदी थोडा, पण पुढची दहा वर्षं काँक्रीट कापावं लागत नाही.

जमिनीखालचं काम नक्की कधी होईल हे कुणीच सांगत नसेल, तर सिमेंट रस्त्याचा हट्ट सोडा आणि आयब्लॉक, म्हणजे एकमेकांत बसणारे सिमेंटचे ब्लॉक, मागा. ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. फक्त दुचाकी जाणारी गल्ली असेल तर ६० मिलीमीटर जाडीचे, चारचाकी आणि पाण्याचा टँकर येत असेल तर ८० मिलीमीटरचे. दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब हवाच. तो नसला की कडेचे ब्लॉक सरकतात आणि मधले त्यांच्यामागे बसत जातात.

४. पैसे कोणत्या शीर्षातून मागायचे

“रस्ता करून द्या” असं म्हणणं पुरेसं नाही. कोणत्या पैशातून, हे तुम्हीच सुचवलं तर फाइल पुढे सरकते. मुख्य वाटा अशा:

मनपा निधी. अर्थसंकल्पात रस्ते, नाल्या, सिमेंटीकरण, प्रभागातली कामं अशी शीर्षं असतात. नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ सदस्य आहेत. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. चौघांपैकी एकालाच भेटून थांबू नका. प्रत्येकाच्या वाट्याचा निधी आणि प्राधान्यक्रम वेगळा असतो. या निधीची अडचण अशी की मनपाकडे देयकं थकली की कंत्राटदार निविदाच भरत नाहीत. मंजूर काम मग दुसऱ्या-तिसऱ्या निविदेपर्यंत रेंगाळतं.

आमदार आणि खासदार निधी. आमदाराला वर्षाला ५ कोटी, खासदाराला ५ कोटी. दोन्हींत लोकप्रतिनिधी काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतो आणि मनपा किंवा प्रन्यास ते करतं. म्हणून आमदारांचं पत्र मनपात घेऊन फिरण्यात अर्थ नाही. ते जिल्हा नियोजन कार्यालयात पोचलं का, हे बघा. खासदार निधीतले निदान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी ठेवायचे असतात. वस्ती त्यात बसत असेल तर अर्जात पहिल्या ओळीतच तसं लिहा.

जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती, आपल्याकडे डीपीडीसी, हा निधी वाटते. नगरोत्थानाची जिल्हास्तर योजना आणि दलित वस्ती सुधार योजना यातूनच चालतात. जुन्या वस्त्यांसाठी हीच सगळ्यात चांगली वाट आहे, कारण रस्त्यासोबत नाली, समाजमंदिर, दिवे, शौचालय अशी कामं एकत्र मागता येतात. दलित वस्तीच्या प्रस्तावाला वस्तीतली घरं आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या दाखवणारी यादी जोडा. यादी तयार नसल्यामुळे परत आलेले प्रस्ताव बरेच असतात.

राज्याचा निधी. राज्यस्तर नगरोत्थान किंवा मूलभूत सोयीसुविधांचं विशेष अनुदान. हे मोठ्या रस्त्यांसाठी किंवा कामांच्या गटासाठी असतं. एकट्या गल्लीने मागू नका. आसपासच्या आठ-दहा गल्ल्यांचा एक नकाशा करून आमदारांमार्फत द्या.

झोपडपट्टी असेल तर ती घोषित आहे की अघोषित, हे मनपाच्या झोपडपट्टी विभागातून लिहून घ्या. काही शीर्षं फक्त घोषित वस्त्यांना लागू होतात, आणि एवढ्या एका शेऱ्यावर फाइल परत येते.

एकाच रस्त्यासाठी दोन शीर्षांत मागणी करायला हरकत नाही. पण एकीकडे मंजुरी आली की दुसरीकडे लगेच लेखी कळवा. एकच काम दोनदा मंजूर दिसलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि दोन्हींचं देयक अडकतं.

५. अर्ज

अर्ज एक पानाचा, विषय एकच. रस्ता, कचरा, मोकाट कुत्री आणि दिवे एका अर्जात टाकले की तो चार विभागांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. मजकूर असा ठेवा:

“प्रति, सहायक आयुक्त, ____ झोन. विषय: प्रभाग क्र. __ मधील ____ लेआउट, प्लॉट क्र. १२ ते ३८ दरम्यानच्या मंजूर ९ मीटर रस्त्यावर नाली व सिमेंट रस्ता करणेबाबत. सदर रस्ता मंजूर नकाशानुसार सार्वजनिक आहे. लांबी १२० मीटर, रस्ता करण्यायोग्य रुंदी ६ मीटर. पाण्याची व गडर लाइन टाकून झाली आहे. कृपया स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे. सर्वांत खालच्या जोत्याची पातळी सोबत दिली आहे; त्यानुसार खोदकामाची बाब अंदाजपत्रकात घ्यावी.”

सोबत जोडायचं:

- लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत, आपला रस्ता रंगवून
- आरएल किंवा डिमांड नोट भरल्याच्या पावत्या, निदान पाच-सहा घरांच्या
- चालू वर्षाच्या घरटॅक्सच्या पावत्या, इंडेक्स नंबर दिसतील अशा
- दुसऱ्या पायरीतली मोजणी आणि पातळ्यांची यादी
- फोटो, तारखेसह. साचलेलं पाणी, उघडे चेंबर, घसरलेली कड
- रहिवाशांच्या सह्या, प्लॉट क्रमांकासह
- पाणी, गडर, महावितरण, गॅस यांना दिलेल्या पत्रांच्या पोचा

एक प्रत झोनला, एक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, एक नगरसेवकांना. प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. मोबाइलवर पाठवलेला फोटो खड्डा बुजवण्यासाठी चालतो, नव्या रस्त्यासाठी नाही. खड्डा हे दुरुस्तीचं काम, हॉटमिक्स विभागाचं. रस्ता हे भांडवली काम, आणि त्याची फाइल पूर्ण वेगळी असते.

६. कोणत्या महिन्यात काय करायचं

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत चालू वर्षाचा सुधारित आणि पुढच्या वर्षाचा प्रस्तावित अर्थसंकल्प मांडतात. स्थायी समितीचा अर्थसंकल्प त्यानंतर. नागपुरात तो जूनमध्ये सादर झाल्याची वर्षंही आहेत. पुढच्या वर्षात काम हवं असेल तर अंदाजपत्रक नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तयार व्हायला हवं, म्हणजे अर्ज दिवाळीच्या आधी. मार्चमध्ये दिलेला अर्ज बहुधा वर्षभर मागे पडतो.

पावसाळ्यात डांबरीकरण बंद असतं. जून ते सप्टेंबर हा कागदांचा काळ समजा: नकाशा, आरएल, मोजणी, हस्तांतरणाचं पत्र. आणि गल्लीत पाणी साचल्याचे फोटो याच काळात मिळतात.

निवडणूक जाहीर झाली आणि कार्यादेश निघालेला नसेल, तर आचारसंहिता संपेपर्यंत नवं काम सुरू होत नाही. निवडणुकीचं वर्ष असेल तर कार्यादेश आधी निघावा म्हणून जोर लावा. भूमिपूजनाची तारीख पुढे-मागे झाली तर काही बिघडत नाही.

७. फाइल आत्ता कोणत्या टेबलावर आहे

कामाचे टप्पे क्रमाने असे: स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, वित्त विभागाकडून तरतुदीचा शेरा, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, करारनामा, कार्यादेश. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: “फाइल क्रमांक काय आणि कोणत्या तारखेला कुठे पाठवली?” “काम सुरू आहे” हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आपल्या गल्लीचं नाव छापून आलं की लोक निश्चिंत होतात. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. नावापुढे एक-दोन लाखांचीच तरतूद असेल, आणि अंदाजपत्रक तीस लाखांचं असेल, तर ते काम फक्त यादीत ठेवलेलं आहे. तरतूद आणि अंदाजपत्रकाचा आकडा शेजारी ठेवून बघा. कमी असेल तर सुधारित अर्थसंकल्पात वाढ करण्याची मागणी डिसेंबरमध्येच द्या.

दुसरी अडचण दरांची. अंदाजपत्रक त्या वर्षीच्या सरकारी दरसूचीवर बनतं. फाइल वर्षभर पडून राहिली आणि नवी दरसूची आली की सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मान्यता, पुन्हा तरतूद. म्हणून तांत्रिक मान्यता ते निविदा हा टप्पा एकाच आर्थिक वर्षात पार पडावा यासाठी पाठपुरावा करा. पाठपुराव्याची खरी गरज इथे असते, उद्घाटनाच्या वेळी नाही.

जुनी फाइल शोधताना एक लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मनपात प्रशासक होते. त्या काळातल्या मंजुऱ्या प्रशासकांच्या ठरावाने झालेल्या आहेत. स्थायी समितीच्या इतिवृत्तात शोधून त्या सापडणार नाहीत.

निविदा सरकारच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर दिसते. तिथून कामाचं नाव, किंमत, मुदत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ, टिपून घ्या. अंदाजपत्रकापेक्षा खूप कमी दराने काम गेलं असेल तर जास्त सावध राहा, कारण तेवढी कपात थरांच्या जाडीतून भरून काढली जाण्याचा धोका असतो. अशा निविदांना जादा अनामत घेण्याची अट असते. ती भरली आहे का, हे विचारता येतं.

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. “रस्ता का झाला नाही?” असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा: अंदाजपत्रकाची प्रत, फाइलच्या टिपणीची पानं, तरतुदीचा शेरा. मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपये. लोकशाही दिनातही प्रश्न मांडता येतो. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज ठरलेल्या नमुन्यात आधी द्यावा लागतो.

८. काम सुरू झालं की काय मोजायचं

कार्यादेशासोबत अंदाजपत्रकाची प्रत गल्लीत दोन-तीन घरी असायलाच हवी. त्यात लिहिलेल्या जाडीशी प्रत्यक्ष जाडी ताडून बघायची. अभियंत्याशी किंवा मजुरांशी वाद घालू नका. टेपसह फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी द्या.

खोदकाम. मानेवाडा, वाठोडा, पारडी या बाजूंना काळी माती भेटते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता कडेने चिरतो. काळी माती काढून मुरूम भरण्याची बाब अंदाजपत्रकात असेल तर ती होते की नाही ते बघा. मुरूम ओला करून, थरावर थर देऊन रोलर फिरला पाहिजे. एकदम सगळा टाकून वरून रोलर फिरवला तर तळाचा भाग सैलच राहतो.

काँक्रीट मोजण्याची सोपी रीत. १२० मीटर लांब, ६ मीटर रुंद, २० सेंटीमीटर जाड: १२० × ६ × ०.२० = १४४ घनमीटर. एका मिक्सर गाडीत साधारण ६ घनमीटर येतं. म्हणजे २४ गाड्या. गाड्यांची चलनं कंत्राटदाराच्या माणसाकडे असतात, त्यांचे फोटो घ्या. १७-१८ गाड्यांत रस्ता पूर्ण झाला तर जाडी २० सेंटीमीटर नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. टाकण्याआधी कडेच्या लोखंडी साच्याची उंची आणि मधल्या भागात दोरी ताणून खोली, दोन्ही मोजा. कडेला पूर्ण आणि मध्ये कमी, ही नेहमीची खोड आहे.

उतार. ६ मीटर रस्त्याला मधून दोन्हीकडे २ टक्के उतार दिला तर मध्य कडेपेक्षा ६ सेंटीमीटर उंच हवा. काँक्रीट ओलं असतानाच दोरीने तपासा. नालीची वरची कड रस्त्याच्या कडेपेक्षा उंच राहिली तर पाणी नालीत उतरणारच नाही. म्हणून नाली आणि रस्ता यांची पातळी एकाच दिवशी, एकाच खुणेवरून ठरवायला सांगा.

कट आणि तराई. काँक्रीट टाकल्यावर साधारण चार-साडेचार मीटरवर आडवे कट मारतात, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. २० सेंटीमीटरला ५ ते ७ सेंटीमीटर. हे पहिल्या काही तासांत व्हायला हवं. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कट मारणं दुसऱ्या दिवसावर गेलं की रस्ता आपल्या मनाने वेडावाकडा तडकतो आणि ती भेग कायमची. त्यानंतर निदान १४ दिवस तराई, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवणं: मातीच्या आळ्यांत साचवलेलं पाणी किंवा सतत ओलं गोणपाट. सकाळी एकदा पाइप फिरवणं म्हणजे तराई नव्हे; दुपारी बारा वाजता पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे. टँकर येत नसेल तर घराघरातून पाणी द्या, पण आळी कोरडी पडू देऊ नका. जड वाहनांना २८ दिवस बंदी. गल्लीच्या तोंडाशी दगड किंवा ड्रम लावून घ्या, आणि या महिन्यात कुणी रेतीचा ट्रक बोलावू नये हे आधीच ठरवा.

डांबर असेल तर. रस्ता आधी ब्रशने आणि हवेने साफ, मग डांबराचा पातळ फवारा, मग मिश्रण. मिश्रण पसरताना १४० अंशांच्या वर हवं आणि ते ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलर फिरवून झाला पाहिजे. तापमापक अभियंत्याकडे असतो, बघायला मागा. हॉटमिक्स प्लांटवरून निघालेली गाडी ताडपत्रीविना आणि दुपारभर उभी राहून आली असेल तर तो माल परत जायला हवा.

चेंबर आणि झाडं. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलायची बाब वेगळी असते. ती नसली की चेंबर सिमेंटखाली गाडले जातात आणि पुढच्या वेळी गडर तुंबली की नवा रस्ता फोडून ते शोधावे लागतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक चेंबरचं अंतर जवळच्या कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. झाडाच्या बुंध्याभोवती सगळीकडून मीटरभर माती मोकळी ठेवायला सांगा. बुंध्याला भिडलेलं सिमेंट झाड मारतं, आणि वठलेलं झाड वादळात त्याच रस्त्यावर पडतं.

९. देयक निघण्याआधी आणि नंतर

अंतिम देयक मोजमाप पुस्तिकेवर निघतं. ती भरण्याआधी गल्लीच्या उणिवांची यादी झोनला द्या: कुठे पाणी साचतं, कुठे कड राहिली, कोणतं चेंबर खाली आहे. देयक निघाल्यावर हीच कामं दोषदायित्वात मागावी लागतात आणि त्याला जास्त वेळ जातो. पाणी साचतं का हे बघायला पावसाची वाट बघू नका. एक टँकर वरच्या टोकाला ओता आणि दहा मिनिटांनी फोटो काढा.

शंका मोठी असेल तर माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका आणि क्यूब चाचणीचे, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीचे, अहवाल मागा. कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. काँक्रीटचा गोल गाभा काढून जाडी आणि ताकद दोन्ही कळतात. त्रयस्थ तपासणी झाली असेल तर तिचा अहवालही मागा.

दोषदायित्व कालावधी संपायच्या तीन महिने आधी गल्लीची पुन्हा पाहणी करा आणि भेगा, खचलेले भाग, कटांमधलं उखडलेलं सीलंट यांची यादी पोच घेऊन द्या. अनामत रक्कम परत जाण्याआधी दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते. त्यानंतर तोच खड्डा पुन्हा मनपाच्या खर्चात येतो आणि नव्याने रांगेत लागतो.

आणि कुणी केबल किंवा पाइपसाठी नवा रस्ता फोडायला आलं, तर काम थांबवून खोदण्याची परवानगी दाखवायला सांगा. परवानगीवर लांबी, रुंदी, मुदत आणि पूर्ववत करण्याची अट लिहिलेली असते. तिचा फोटो आणि तिसऱ्या पायरीत घेतलेली त्या संस्थेची पोच, दोन्ही झोनच्या कार्यकारी अभियंत्याला त्याच दिवशी पाठवा.